तुम्ही विचारलंत म्हणून : त्या भंगार गाड्यांत एवढं काय आहे?

मेलबर्नमधल्या मराठी घरांत जेवायला गेलो की माझ्या टी-शर्टवरची काळी गाडी बघून कुणीतरी विचारतंच. "त्या 'मॅड मॅक्स'मध्ये तुम्हाला एवढं दिसतं तरी काय हो? वाळवंट, धूळ, आरडाओरडा आणि एकमेकांवर आदळणाऱ्या गाड्या. आणि पन्नाशीतली माणसं त्यासाठी रजा टाकून शूटिंगच्या गावी, सिल्व्हरटनला जातात?" पंगतीत याचं उत्तर देत बसलं तर पोळी गार होते, म्हणून मी आजवर हसून वेळ मारून नेली. तुम्ही खरंच विचारलंत, म्हणून आज नीट लिहितो.

ज्यांनी बघितलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमे पाच, पाचही जॉर्ज मिलर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचे (तिसऱ्यात जोडीला दुसरा दिग्दर्शक होता). पहिला १९७९ सालचा, शेवटचा 'फ्युरिओसा' २०२४ चा. पेट्रोल संपत आलंय, सरकार आणि कायदा विरत चाललाय, आणि बायको-मूल गमावलेला मॅक्स नावाचा माजी पोलीस रस्त्यावर एकटा फिरतोय. पुढच्या भागांत जग पुरतंच कोसळतं. पाण्यासाठी, इंधनासाठी, माणसांच्या मालकीसाठी टोळ्या लढतात. गोष्ट म्हणून एवढीच. एवढ्यावर कुणी पंचेचाळीस वर्षं जीव टाकत नाही, हे मलाही मान्य आहे.

जीव जडतो तो दुसऱ्याच कशावर तरी. या सिनेमांतली प्रत्येक वस्तू कुणीतरी हातांनी जोडलेली आहे, आणि ते हात दिसतात.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलो. वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. ट्रकचा मोडका कमानपाटा वाया जात नाही, लोहार त्याचा कोयता करतो, हे मला शाळेच्या आधी माहीत होतं. पुढे एका व्हिडिओ पार्लरमध्ये दुसरा भाग पाहिला. इंग्रजी काडीचं कळत नव्हतं आणि त्याने काही अडलं नाही, कारण त्या अख्ख्या सिनेमात मॅक्स जेमतेम पंधरा-सोळा वाक्यं बोलतो. मला कळत होतं ते खांद्यावरचं टायरचं कातडं, गाडीच्या नाकावर ठोकलेलं जाळीचं लोखंड, वेल्डिंगचा ओबडधोबड सांधा. पडद्यावरचं जग बुडालं होतं, पण त्यातले मिस्त्री जिवंत होते.

पहिला भाग तर तयारही तसाच झाला. मिलर मूळचा डॉक्टर. सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटलात अपघात विभागात काम करताना गाड्यांनी चिरडलेली माणसं त्याने बघितली होती, आणि सिनेमातला रस्ता इतका खरा का वाटतो त्याचं एक कारण तिथे आहे. त्याचा निर्माता मित्र बायरन केनेडी आणि तो, दोघांनी जमवलेलं बजेट साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. सुरुवातीच्या पाठलागात फुटलेली व्हॅन मिलरची स्वतःची. खरं चामडं एक-दोन मुख्य नटांपुरतं, बाकी पोलीस रेक्झिनमध्ये. आणि एडिटिंग झालं ते केनेडीच्या इंजिनिअर वडिलांनी बनवून दिलेल्या मशीनवर! हे वाचलं तेव्हा मला आमचं वर्कशॉप आठवलं आणि या माणसांशी नातं जुळलं ते कायमचं. खर्चाच्या मानाने सर्वाधिक कमाई करणारा सिनेमा म्हणून गिनेस बुकातला विक्रम पुढची वीस वर्षं याच सिनेमाकडे होता. केनेडी बिचारा १९८३ साली हेलिकॉप्टर अपघातात गेला. वय चौतीसच्या आत-बाहेर.

आता सिल्व्हरटन. न्यू साउथ वेल्सच्या पार पश्चिम टोकाला ब्रोकन हिल हे खाणीचं शहर आहे, तिथून पंचवीसेक किलोमीटरवर. एकोणिसाव्या शतकात चांदीमुळे गजबजलेलं हे गाव चांदी सरली तसं रिकामं झालं. आज तिथे मोजकी माणसं राहतात. गावाच्या पलीकडे मुंडी मुंडी नावाचं सपाट मैदान आहे, इतकं सपाट की क्षितिज वाकल्यासारखं वाटतं. दुसऱ्या भागाचे पाठलाग इथले. इंग्लंडहून एक चाहता या सिनेमापायी बायकामुलांसकट इथे राहायला आला आणि २०१० साली त्याने दुसऱ्या भागाचं म्युझियम उघडलं. शूटिंगनंतर टाकून दिलेल्या गाड्यांचे अवशेष, कपडे, फोटो, सगळं एका शेडमध्ये. आत गेल्यावर लोक कुजबुजत बोलतात, आणि मग कुणीतरी एखाद्या सायलेन्सरवरून वाद सुरू करतं आणि शेड भरून जाते.

मॅक्सची ती काळी गाडी, 'इंटरसेप्टर', म्हणजे १९७३ सालची फोर्ड फाल्कन. दुसऱ्या भागाचं काम संपल्यावर मूळ गाडी भंगारात गेली होती. एका चाहत्याने ती सोडवली, दुरुस्त केली. पुढे ती इंग्लंडच्या एका संग्रहालयात गेली आणि तिथून अमेरिकेत फ्लोरिडाला. स्टुडिओला तिची किंमत कळली नव्हती, प्रेक्षकाला कळली. या मालिकेच्या चाहत्यांबद्दल एकच गोष्ट सांगायची वेळ आली तर मी हीच सांगेन.

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात २०१० पासून 'वेस्टलँड वीकेंड' हा चाहत्यांचा मेळा भरतो. नियम कडक आहे : त्या जगातला पोशाख अंगावर नसेल तर आत प्रवेश नाही. आणि पोशाख दुकानातून आणून भागत नाही, तो कोरा दिसता कामा नये. लोक कापड पॉलिश पेपरने घासतात, चहाच्या पाण्यात बुडवतात, मातीत तुडवतात. हिशेबनीस, नर्स, शाळामास्तर वर्षभर शनिवार-रविवार गॅरेजमध्ये घालवून एक खांदापट्टी तयार करतात. वेड आहे, कबूल. पण दुसऱ्या कुठल्या सिनेमाने एवढ्या माणसांच्या हाती पान्हा दिला, सांगा बघू.

हे याच सिनेमांबाबत का होतं? कारण मिलर सगळं सांगत नाही. 'फ्युरी रोड'मध्ये, म्हणजे चौथ्या भागात, पिशाच्चासारखा मुखवटा घातलेला एक गिटारवाला आहे, ट्रकवर टांगलेला, आणि त्याच्या गिटारमधून ज्वाळा निघतात. त्या ज्वाळा खऱ्या होत्या, गिटारही खरी वाजायची. सिनेमा त्याच्याबद्दल एक शब्द बोलत नाही. पण ती भूमिका करणाऱ्या आयोटा या नटाने त्याचा पूर्वेतिहास ठरवून ठेवला होता : तो मुखवटा म्हणजे त्याच्या मेलेल्या आईचा चेहरा. हे पडद्यावर कुठेच येत नाही, तरी त्या माणसाकडे बघताना काहीतरी दडलेलं जाणवतं. मग बघणारा आपापल्या परीने ते भरून काढतो. कुणी चित्र काढून, कुणी तलवारीची मूठ घडवून, कुणी रात्री दोन वाजेपर्यंत वाद घालून.

वादांना तर तोटाच नाही. दुसऱ्या भागात स्फोटात उडालेली इंटरसेप्टर 'फ्युरी रोड'च्या सुरुवातीला परत कशी? मॅक्सचं वय वाढत कसं नाही? नव्या माणसाला या चुका वाटतात. मला वाटत नाहीत. दुसरा भाग एक म्हातारा आपल्या लहानपणीची आठवण म्हणून सांगतोय, तिसऱ्याच्या शेवटी एक बाई मुलांना गोष्ट सांगतेय, 'फ्युरिओसा'त तर इतिहास अंगावर गोंदवून घेतलेला कथेकरीच आहे. या सांगोवांगीच्या गोष्टी आहेत. जेजुरीला खंडोबाची गोष्ट ऐका, मग साताऱ्याकडच्या पालीला ऐका. तपशील जुळले नाहीत म्हणून भंडारा उधळायचं कुणी थांबत नाही.

आणि निष्ठेची परीक्षा म्हणाल तर ती तीस वर्षांची झाली. १९८५ सालचा, गायिका टीना टर्नरवाला तिसरा भाग (मला तो अर्धाच आवडतो, मुलांची टोळी आली की मी चहा टाकायला उठतो) आणि २०१५ चा 'फ्युरी रोड' यांच्यामध्ये काहीच नाही. मिलर मधल्या काळात बोलणारं डुक्कर आणि नाचणारे पेंग्विन यांचे सिनेमे करत होता. चौथा भाग ठरला, मोडला, पुन्हा ठरला. ब्रोकन हिलला सगळी जुळवाजुळव झाली आणि पाऊस असा कोसळला की लाल वाळवंटात फुलं उगवली! शेवटी सगळा तांडा आफ्रिकेत नामिबियाला गेला. तिथे २०१२ साली सुमारे ४८० तासांचं चित्रीकरण झालं, आणि त्यातून दोन तासांचा सिनेमा काढला मार्गारेट सिक्सेल या एडिटरने, म्हणजे मिलरच्या बायकोने. तिने आधी कधी अॅक्शन सिनेमा कापला नव्हता. सहा ऑस्कर मिळाले, त्यातला एक तिचा.

'फ्युरी रोड' आला तेव्हा काही पुरुष मंडळी भडकली होती : सिनेमा मॅक्सच्या नावाचा आणि ट्रकचं चाक फ्युरिओसा नावाच्या बाईच्या हातात! बहिष्काराच्या गोष्टी झाल्या. ज्यांनी आधीचे भाग मन लावून पाहिले होते त्यांना त्यात नवल वाटलं नाही. मॅक्स दुसऱ्या भागापासून दुसऱ्यांच्याच गोष्टीत वाट चुकून येतो, मदत करतो नि निघून जातो. त्या वेळी मला जास्त आनंद झाला तो खलनायकाचा. ह्यू कीज-बर्न हा नट पहिल्या भागात टोळीचा म्होरक्या होता. छत्तीस वर्षांनी तोच मुखवट्याआडून 'इमॉर्टन जो' म्हणून परत आला. थिएटरात तो दिसताच मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने शिट्टी मारली.

एक प्रश्न मात्र मला बोचतो, आणि तो माझ्या मुलीने विचारलाय. पेट्रोलसाठी जग बुडाल्याची ही गोष्ट, आणि तुम्ही तिच्या प्रेमापायी आठशे किलोमीटर पेट्रोल जाळत जाता? या कथेची मुळंच १९७०च्या दशकातल्या तेलटंचाईत आहेत. पहिल्या भागाचा सहलेखक जेम्स मॅककॉसलंड याने पेट्रोल पंपांवरच्या रांगांत माणसं हमरीतुमरीवर येताना पाहिली होती. पडद्यावर आठ सिलिंडरच्या व्ही-एट इंजिनाची पूजा होते ती आपल्याला शहाणं करायला, आणि आपण तर तिच्यात भक्तिभावाने सामील होतो. मुलीला मी काही उत्तर दिलं नाही. माझ्याकडे नाहीच. एवढंच म्हणालो की पुढच्या वेळी तूही चल, गाडीत चौघं बसली तर तेवढंच पेट्रोल चौघांत वाटलं जाईल. ती हसली नाही.

'फ्युरिओसा' तिकीटबारीवर पडला, आता मालिका संपली का, असंही विचारतात. पडला खरा. पण तिकीटबारीचा हिशेब स्टुडिओने करायचा. आमच्यातला एक वेल्डर सिनेमा बघून आला त्याच आठवड्यात त्यातल्या मोटारसायकलच्या रथाचा आराखडा काढायला बसला.

कुठून सुरुवात करू, असं आता तुमच्या मनात आलं असेल तर दुसऱ्या भागापासून करा. मग 'फ्युरी रोड', मोठ्या पडद्यावर मिळाला तर उत्तमच. मग मागे जाऊन पहिला, पण तो मूळ आवाजात बघा. अमेरिकेतल्या वितरकाने त्यावर अमेरिकन आवाज चढवले होते, मॅक्स झालेल्या मेल गिब्सनवरसुद्धा, आणि त्यात सगळी चव गेली. आणि सिल्व्हरटनला जायचं ठरवलंत तर डिसेंबर-जानेवारी टाळा. पारा चाळिशीच्या वर जातो आणि माश्या तोंड उघडू देत नाहीत. जून-जुलैत जा, रात्री अंथरूण जाड घ्या, आणि म्युझियम उघडं आहे का ते आधी फोन करून विचारा.