मूल कोणाकडे ठेवून गेली?

"तुमच्या आईनं तुम्हाला आजोळी टाकलं. त्या रशियन क्रांतिकारक कोलोन्तायनंही चार वर्षांचं पोर टाकलं. तरी तुम्ही तिच्याबद्दल एवढ्या आपुलकीनं कशा काय बोलता?" अभ्यासवर्ग संपला, चपला शोधायची गडबड सुरू झाली, की कुणीतरी हे विचारतंच. लग्नकार्यात नातेवाईक विचारतात, पण आडवळणानं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

कोलोन्ताय म्हणजे 'मुक्त प्रेमवाली', हा तिच्यावरचा नेहमीचा आरोप आधी बाजूला करते. शरीरसंबंध म्हणजे तहान लागल्यावर पाण्याचा पेला पिण्याइतकी साधी गोष्ट, असं तिनं कुठंही लिहिलेलं नाही. ते तिच्या नावावर चिकटवलं गेलं. 1923 साली तरुणांना उद्देशून तिनं जो लेख लिहिला त्यात म्हणणं नेमकं उलटं आहे: नुसत्या वासनेत सोबत नसते, आणि मालकीहक्कातही नसते. हे शंभरदा सांगून झालंय, आता पुन्हा सांगणार नाही.

मुलाचं मात्र सांगायला हवं.

1896 साली अलेक्झांड्रा कोलोन्ताय नवऱ्याबरोबर नार्वाला, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या एका गिरणीच्या गावी, गेली होती. नवरा इंजिनिअर, क्रेनहोमच्या कापड गिरणीत हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा बसवायचं काम त्याच्याकडे होतं. गिरणीत बारा हजारांच्या आसपास कामगार. बाकीची मंडळी यंत्रं बघत असताना हिनं कामगार राहतात त्या बराकी बघायचा हट्ट धरला. आत कोंदट हवा, ओळीनं फळ्यांचे बिछाने, आयाबाप पाळीवर गेलेले आणि पोरं तिथंच खेळतायत, लोळतायत. त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक लहान मुलगी. तिच्या स्वतःच्या मुलाच्या, मिशाच्या, वयाचं एक मूल अगदी निश्चल पडलं होतं. वाकून बघितलं तर ते गेलेलं होतं. कुणी आरडाओरडा केलेला नव्हता. असं होतं अधूनमधून, पाळी सुटली की कुणीतरी येऊन घेऊन जाईल, असं तिला सांगण्यात आलं.

दोन वर्षांनी ती अर्थशास्त्र शिकायला झुरिकला गेली आणि मिशाला आपल्या आईवडिलांकडे ठेवून गेली. वर्षभरानं परतली. नवऱ्याकडे पुन्हा गेली नाही, मुलाला मात्र तिनं कधी अंतर दिलं नाही. पण ते वर्ष त्याला आईवाचून काढावं लागलं, हे कुणाला नाकारता येणार आहे?

कॉलेजात असताना माझ्याकडे याचं तयार उत्तर होतं: पुरुष घर सोडून क्रांतीला जातात, शिकायला जातात, तेव्हा पोरं कोणाकडे ठेवलीत असं कुणी विचारतं का? टाळ्या पडायच्या. ते उत्तर मला आजही खरंच वाटतं. पण त्यानं प्रश्न विचारणारा गप्प होतो, प्रश्न तिथंच राहतो. त्या वेळच्या मला मी आज विचारीन की बाई गं, तू एवढी तावातावानं बोलतेस ते मिशासाठी की स्वतःसाठी?

माझी आई लालबाग-परळच्या गिरणगावात पूर्णवेळ कार्यकर्ती होती. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि सातारा जिल्ह्यात आजीकडे राहत होते. संप लांबला तसे गावोगावचे कामगार मुंबईची खोली बंद करून परत यायला लागले. आमच्या आळीत घरोघरी बाप आले. एरवी फक्त गणपतीला आणि यात्रेला दिसणारी माणसं रोज संध्याकाळी पारावर बसलेली असायची. माझ्या वर्गातल्या मुलींना बाप शाळेत सोडायला यायचे. संपानं त्यांचे बाप घरी आणले आणि त्याच संपानं माझी आई मुंबईत अडकवली. हा हिशेब मला तेव्हा मांडता येत नव्हता, पण पोटात कळत होता.

पावसाळ्यानंतर आई आली. निरोप आला तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी येतेय. ती परतलेल्या कामगारांची सभा घ्यायला आली होती. देवळासमोर सतरंज्या घातल्या, पेट्रोमॅक्स लावला. मी आजीच्या मांडीला टेकून अगदी पुढं बसले होते. आई बोलायला उभी राहिली. संपवाल्यांच्या घरात चूल पेटत नाही, दुकानदार उधार देत नाही, पोरं उपाशी झोपतात, असं सांगता सांगता तिचा आवाज चढला आणि ती म्हणाली, "ही कुणा एकाची पोरं नाहीत, आपली सगळ्यांची पोरं आहेत." बाया रडल्या. मीही रडले, पण वेगळ्या कारणानं. आजी सभा अर्धी टाकून उठली, कारण आईबरोबर आलेल्या सगळ्यांना जेवायला घालायचं होतं. रात्री परातभर पीठ मळत बसलेली आजी, चुलीच्या धगीनं लाल झालेला तिचा चेहरा, आणि ओसरीवर कार्यकर्त्यांशी बोलणारी आई. मी दोघींच्या मधल्या उंबऱ्यावर बसून होते. पहाटेच्या एसटीनं आई गेली.

पुढं कितीतरी वर्षांनी भांडताना मी तिला विचारलं, "आपली पोरं म्हणालीस, त्यात मी कुठं होते?" ती म्हणाली, "तू समोर बसली होतीस. तुझं पोट भरलेलं होतं. त्यांचं नव्हतं." यावर मला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही. ती म्हणाली ते खरंच होतं, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही.

तेव्हा राग येतो का, तर हो, येतो. पण नार्वाचं पान मी पुन्हा वाचते तेव्हा मला मिशा दिसतो, ती राखण करणारी मुलगी दिसते आणि आजीही दिसते. कोलोन्तायला शिकायला जाता आलं, कारण तिच्यामागं आईवडील होते. माझ्या आईला जाता आलं, कारण आजी होती. गिरणीतल्या बाईमागं ती एवढीशी पोर होती. कुटुंब या बायका मोडायला निघाल्या होत्या म्हणता. कोलोन्ताय म्हणत होती की ते कारखान्यानं आधीच मोडलंय, आता मुलं सांभाळायचं काय ते बोला. पाळणाघरं, सार्वजनिक स्वयंपाकघरं, बाळंतपणाची रजा या मागण्या त्यातून आल्या. आजीला कुणीच काही विचारलं नव्हतं. आईनं नाही, पक्षानं नाही, मीही नाही.

आणि कुटुंब कोण मोडतं हे बघायचंच असेल तर पहिलं महायुद्ध पेटलं तो 1914 चा ऑगस्ट बघा. कोलोन्ताय तेव्हा जर्मनीत होती, वीस वर्षांचा मिशा बरोबर. बर्लिनमध्ये दोघांनाही रशियन म्हणून अटक झाली. ती समाजवादी, म्हणजे झारची हेर असणं शक्य नाही, हे पोलिसांना कागदपत्रांवरून कळलं आणि ती सुटली. 4 ऑगस्टला ती राइशटागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, प्रेक्षक सज्जात बसून होती. तिथं जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षानं, जगातल्या सगळ्यात मोठ्या समाजवादी पक्षानं, युद्धकर्जाच्या बाजूनं मत दिलं. बायका मुलांना नीट वाढवत नाहीत म्हणून एरवी गळा काढणारे सगळे त्या आठवड्यात तीच मुलं आगगाडीत भरत होते. मार्च 1915 मध्ये जर्मन समाजवादी पुढारी क्लारा झेटकिननं युद्ध करणाऱ्या देशांतल्या समाजवादी बायका स्वित्झर्लंडमधल्या बर्नला एकत्र आणल्या. तिथल्या जाहीरनाम्यात कष्टकरी बायकांना थेट विचारलं होतं: तुमचे नवरे कुठं आहेत, तुमचे मुलगे कुठं आहेत? तो वाटल्याबद्दल क्लाराला तुरुंगात टाकलं. दोन मुलांची आई होती ती, त्यातला धाकटा कोस्त्या सैन्यात ओढला गेला. मूल वाढवायचा सगळा भार आईचा आणि वाढवून झालं की हक्क सरकारचा, ही वाटणी या बायकांनी मान्य केली नाही. म्हणून त्यांच्या लिखाणात चूल आणि खंदक एकाच पानावर येतात.

मला कोलोन्तायचं जे खरंच सलतं ते तुम्ही कधी विचारत नाही. 1936 साली स्टालिनच्या सरकारनं गर्भपातावर बंदी घातली, घटस्फोट अवघड केला. 1917 च्या क्रांतीनंतर जे तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी उभं केलं होतं ते मोडलं जात होतं. ती स्टॉकहोमला राजदूत होती आणि जाहीरपणे गप्प राहिली. दोन वर्षांनी तिचा दुसरा, तोवर वेगळा झालेला नवरा दिबेन्को गोळ्या घालून मारला गेला, तेव्हाही गप्प. जीव वाचवायचा होता, कळतं मला. तरी त्या गप्प राहण्याबद्दल तिला माफ करावं की नाही, हे माझं ठरत नाही.

आणि 1920 च्या तिच्या पुस्तिकेत एक जागा आहे. कामगार आईनं माझं मूल, तुझं मूल असा फरक करायचं सोडून द्यावं, सगळी 'आपली' मुलं मानावीत, असं ती सांगते. अभ्यासवर्गात ती जागा मी गाळत नाही, मोठ्यानं वाचते आणि मला ती पटत नाही हेही सांगते. आठ वर्षांच्या पोरीला 'आपली' होऊन चालत नाही, तिला कुणाची तरी एकाची व्हायचं असतं. मग वर्गातल्या मुली विचारतात, म्हणजे तुम्ही पाळणाघरांच्या विरोधात? मुळीच नाही. आमच्या अंगणवाडीच्या ताई आज गावभरची पोरं सांभाळतात आणि सरकार त्यांना पगार न देता मानधनावर बोळवतं. त्यांच्या मोर्चात मी जाते. आईसुद्धा येते, गुडघे दुखत असले तरी. परतताना रिक्षात आमचं त्या पुस्तिकेवरून पुन्हा वाजतं.