नाकाचं ऑपरेशन, मग डोळ्याला टाके कसे?

माझ्या डाव्या डोळ्याच्या कडेला बारीक व्रण आहे. लोकलमध्ये रोजच्या ग्रुपमध्ये कुणी नवीन आलं की विचारतंच, आणि सायनसचं ऑपरेशन झालं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, अगं मग डोळ्याला टाके कसे?

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतली हवेची पोकळी. डोळ्याला लागून जो सायनस असतो तो आणि डोळा यांच्यामधलं हाड इतकं पातळ असतं की लॅटिनमध्ये त्याचं नावच कागदावरून पडलंय. दुर्बीण नाकातून घालतात, बाहेर काही दिसत नाही, पण काम चालतं ते या कागदाला खेटून. तिथे एक छोटी रक्तवाहिनी डोळ्याच्या खोबणीतून नाकाकडे येते, ती तुटून मागे खेचली गेली की रक्त डोळ्यामागे साचतं. क्वचित होतं हे, माझं झालं.

संध्याकाळी वॉर्डात डोळा जड वाटायला लागला, मामी म्हणाली सूज येणारच गं, आणि मीही गप्प बसले, सिस्टरना किती वेळा बोलवायचं म्हणून. मग पापणी जांभळी झाली, उघडेना, आतून ठणका आणि उलटी. राउंडला आलेल्या सिस्टरने बोटांनी पापणी वर केली आणि मामीच्या डब्याचं लाल झाकण समोर धरलं, आधी उजव्याने बघा, आता डाव्याने. उजव्याने लालभडक. डाव्याने विटलेलं, मळकट, म्हणजे डोळ्याच्या नसेवर दाब येतोय. ती धावतच गेली डॉक्टरांना बोलवायला. रक्त थांबवायला नाकात भरलेलं पॅकिंग काढलं, डोळ्यातला दाब उतरवणाऱ्या मॅनिटॉल या औषधाची बाटली लावली आणि बेडवरच भूल देऊन डोळ्याच्या बाहेरच्या कडेला काप दिला, म्हणजे आतला दाब सुटतो. दाबामुळे डोळ्याचा रक्तपुरवठा अडला की साधारण दीड तासात नजर कायमची जाऊ शकते, म्हणून तिथे कुणी थिएटर रिकामं व्हायची वाट बघत नाही.

माझी नजर वाचली. त्या सिस्टरमुळे वाचली, हे मी प्रत्येकाला सांगते.

ऑपरेशनला जाणार असाल तर आधीचा सीटी स्कॅन सोबत ठेवा, डोळ्यावर पट्टी बांधू देऊ नका, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाक अजिबात शिंकरू नका, हवा डोळ्याभोवती शिरून पापणी फुगते. एकाचे दोन दिसले, रंग फिके वाटले, डोळा पुढे आल्यासारखा वाटला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता सुद्धा बेल दाबायची. पुढच्या आठवड्यात माझ्या दिराचं आहे, जाऊबाई म्हणाल्या मी थांबते रात्री, मी म्हटलं नको, मीच थांबते, दर तासाला उठवून विचारेन त्याला.