पलटी नांगर एकदाचा लागला: खालच्या पट्टीची नांगरट

मंडळी, खालच्या पट्टीत नांगर लागला! या बांधापासून त्या बांधापर्यंत एकसारख्या खोलीचा सलग तास, आठ इंचांना जरा कमी. टेप घेऊन जागोजागी मोजला, फरक अर्ध्या इंचाच्या आतच.

वरचं मुरमाड रान माझ्या जिवोने, म्हणजे महिंद्राच्या मिनी ट्रॅक्टरने, आरामात नांगरून दिलं होतं. २४ एचपी आणि फोर बाय फोर, एक फाळी पलटीला (डावा-उजवा असे दोन फाळ, पण एका वेळी जमिनीत एकच) ताकद पुरेशी आहे. खालची पट्टी मात्र काळी, त्यात बरीच वर्षं नुसत्या रोटाव्हेटरवर (फक्त वरची माती भुसभुशीत करणारं यंत्र) काढलेली. पाच-सहा इंचांखाली थर इतका आवळलाय की पहार मारली तर हाताला झिणझिण्या येतात. नांगर टाकला की थोडा बरा चालायचा, मग हळूहळू वर यायचा, मागची चाकं जागेवर फिरायची आणि तास उथळ होत जायचा.

ज्याला विचारावं तो म्हणे, वजन वाढवा. मागच्या टायरांत पाऊण भाग पाणी भरलं. त्यानंतर स्लिप, म्हणजे चाकांची घसरण, मोजली. टायरला खडूची खूण करायची, नांगर उचलून चाकाचे दहा फेरे होतील तेवढं अंतर काढायचं आणि तेच अंतर नांगर लावून पुन्हा चालायचं. मला तेरा फेरे लागले, म्हणजे जवळपास २३ टक्के स्लिप. १५ च्या वर गेली की डिझेल आणि टायर दोन्ही फुकट जातात.

टॉप लिंकशी, म्हणजे नांगराला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या वरच्या दांड्याशी, झटापट झालीच. आखूड केली की नाक (फाळाचं पुढचं टोक) झुकतं आणि नांगर शिरतो. जास्त आखूड केली तर टाच (तळाचं मागचं टोक) उचलते, नांगर नाकावर चालतो आणि तास खाली-वर होतो. हायड्रोलिक ड्राफ्टवर (ओढीप्रमाणे नांगर वर-खाली करणारी सेटिंग) ठेवलं तर कडक जागी ओढ वाढताच हायड्रोलिक नांगर उचलून घेई. पोझिशनवर (नांगर एकाच उंचीवर धरणारी सेटिंग) ठेवलं की इंजिन दबे. लेव्हलिंग, चेक चेन, चाकांची रुंदी, सगळं तपासून झालं.

शेवटी नांगर कोब्यावर उतरवून घेतला आणि नाकापासून टाचेपर्यंत तळाला सरळ लोखंडी पट्टी लावली. चांगल्या नांगराला इथे मध्ये बारीक फट दिसते. नाक टाचेपेक्षा किंचित खाली असतं, म्हणूनच चालताना नांगर खाली ओढला जातो. माझ्या नांगराला डाव्या बाजूला फट नावाला नव्हती, उजव्या बाजूला जेमतेम. फाळांची नाकं मुरमात झिजून गोल झाली होती. वरून बघितलं तर फाळ ठीकच दिसतो, त्यामुळे पट्टी लावल्याशिवाय हे कळत नाही.

बाजारातले स्वस्त तयार फाळ मी आता घेणार नाही. पोलाद मऊ असतं, भोकंही जुळत नाहीत. गावातल्या लोहारमामांकडून दोन्ही फाळ शेवटून (तापवून, ठोकून पुन्हा टोक काढून) आणले, नाकाला ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा जोडून घेतला. दोन्ही बाजू सारख्या उतरल्यात, त्यांचं काम बघण्यासारखं आहे.

मग त्याच पट्टीत, टायरांतल्या तेवढ्याच पाण्यावर दहाचे साडेअकरा फेरे! स्लिप १३ टक्के. नांगर जमीन धरत नव्हता म्हणून चाकं घसरत होती, आणि आम्ही सगळे चाकांकडे बघत बसलो होतो. नांगर खाली ओढला गेला की तो भार लिंकेजमधून मागच्या चाकांवर येतो. हॅरी फर्ग्युसनच्या थ्री पॉइंटची (नांगर तीन ठिकाणी ट्रॅक्टरला जोडायची पद्धत) खरी किमया तीच. १९३९ च्या फोर्ड ९एन सारख्या हलक्या ट्रॅक्टरने नांगरट जमली ती याच जोरावर. आपल्या मिनी ट्रॅक्टरवाल्यांसाठी यापेक्षा महत्त्वाची गोष्ट नाही. वजन आणि पाणी त्यानंतर.

लोहारमामांच्या अंगणात एक जुना किर्लोस्करी बैलनांगर पडलाय. १९०३ साली सुरू झालेली ही परंपरा, त्याचा फाळ अजून काढता-घालता येतो. तो मागून घेऊन दुरुस्त करायची फार इच्छा आहे.

थर फोडायला भाड्याने सबसॉयलर (खोलवरचा कडक थर चिरणारं अवजार) आणायचं ठरवलं होतं, पण त्याला मोठा ट्रॅक्टर लागतो आणि त्याच्या वजनाने रान पुन्हा दाबलं जाईल. हे लिहिता लिहिताच वाटतंय की तो बेत सोडावा. दर उन्हाळ्यात इंचभर खोल जायचं, पहिल्या पावसावर ताग पेरायचा आणि फुलावर आला की हिरवळीचं खत म्हणून याच नांगराने गाडायचा. फक्त ताग उंच झाला की नांगराला गुंडाळतो, त्याआधी काय फिरवावं? आडवा पाडायला फळी पुरते, की आधी रोटाव्हेटर वरच्यावर मारावा? काळ्या रानात कुणी केलं असेल तर सांगा, तागाचं बी त्या हिशोबाने आणतो.