आई, माझं चाळीस झालंय

बालवाडीतून फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते. "तुमच्या मुलानं एकीच्या दंडाला चावा घेतलाय, लगेच या." त्या महिन्यातली ही तिसरी खेप. मी गेले तेव्हा लेक कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभा होता आणि त्या मुलीच्या दंडावर दातांचा लालभडक गोल उमटला होता. तिच्या आईची माफी मागताना माझी मान वर होईना. घरी येताना रस्ताभर मी त्याला एकच विचारत राहिले, "का केलंस? सांग, का केलंस?" तो गप्प. पाच वर्षांचं पोर. त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, तर तो मला काय सांगणार? पण हे मला फार उशिरा कळलं.

तोवर बरेच उपाय करून झाले होते. ओरडून पाहिलं, टीव्ही बंद केला, आवडीची गाडी कपाटावर ठेवून दिली. शेजारी म्हणायचे, "पोरगं आहे, व्हायचंच." तेच शेजारी तो रडला की म्हणायचे, "पोरीसारखं काय रडतोस?" म्हणजे मारलं तर चालतंय आणि रडलं तर लाज. घरात मीही वेगळं काही करत नव्हते, हेही खरं.

एका मैत्रिणीनं मोबाईलवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता पाठवला. मी रंगीत प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवली आणि रोज विचारू लागले, "आज तू यातला कोण?" तो रोज हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचा. एक दिवस गालावर पाणी ओघळत असतानाही त्याचं बोट हसऱ्या चेहऱ्यावरच गेलं, आणि नजर माझ्याकडं. तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं. त्या बोटावर मी खूश होते, एवढंच त्याला समजलं होतं. तक्ता त्याच दिवशी काढला.

दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, राग आला की उशीला बुक्के मारू द्या, वाफ निघून जाते. त्यानं मारले. पाचव्या-सहाव्या बुक्क्याला चेहरा आणखी लाल झाला आणि सातवा माझ्या पोटात बसला. मिरजेला ज्या समुपदेशक मॅडमकडं आम्ही जात होतो, त्यांनी हे ताबडतोब बंद करायला सांगितलं. ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं २००२ मध्ये कॉलेजच्या मुलांवर हाच प्रयोग केला होता म्हणे. ज्याच्यावर राग आहे त्याला मनात आणून बॉक्सिंगच्या बॅगेवर ठोसे मारणाऱ्यांचा राग सगळ्यात जास्त राहिला, आणि काहीच न करता बसलेल्यांचा त्याहून कमी. मॅडमनी मला एक वही घालायला सांगितली. कधी मारलं, कधी चावला, त्याच्या आधी घरात काय चाललं होतं, एवढंच लिहायचं.

पण खरी वाट दाखवली ती माझ्या सासूबाईंनी. त्या मूळच्या तासगाव तालुक्यातल्या, शाळा चौथीपर्यंत. एका संध्याकाळी नणंदेच्या मुलानं लेकाच्या ट्रॅक्टरचं चाक मोडलं. ओठ आवळून, मुठी वळून तो उभा. आता हा चावणार म्हणून मी उठले, तेवढ्यात सासूबाईंनी त्याला जवळ ओढलं आणि गळ्यावरनं हात फिरवला.

"हितं आलंय न्हवं, सोन्या? आवंढा हाय त्यो. गिळू नगंस."

त्यानं स्वतःचा गळा चाचपला. "आवंढा म्हंजे?"

"रडू यायचं असतंय आन् येत न्हाई, तवा हितं अडकून बसतोय."

पुढच्या क्षणी तो तिच्या पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडला. कुणाला मारलं नाही. रात्री अंथरुणात आजीला विचारत होता, "आणि पोटात काय अडकतं?" मग आजीनं सगळं सांगितलं. भीतीनं पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, रागानं कानशिलं तापतात, अंगावर काटा येतो, हातापायातलं बळ जातं. मी अंधारात ऐकत होते. आपल्या भाषेत भावनेचा पत्ता शरीरातच लिहिलेला आहे आणि लहान मुलाला तोच आधी सापडतो. मी मात्र त्याला 'राग' आणि 'रडू' असे दोनच शब्द दिले होते. रुसणं वेगळं, हिरमुसणं वेगळं, धास्ती वेगळी, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. मॅडमना सांगितलं तर त्यांना फार आनंद झाला. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूचे स्कॅन काढून हेच दाखवलं होतं, असं त्या म्हणाल्या. भावनेला नाव दिलं की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, अमिग्डाला, थोडा शांत होतो.

जुलैत पाऊस लागला. पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की 'आयर्विनला किती?' हे विचारल्याशिवाय बोलणं पुढं सरकत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. आमचं घर नदीजवळच्या गावभागात, त्यामुळं हे आकडे आमच्या श्वासात असतात. त्या दिवशी ह्यांनी फोनवर तेच विचारलं आणि लेकानं समोरचं ताट भिरकावलं. मी वही काढली आणि पानं मागं उलटत गेले. जवळजवळ प्रत्येक चाव्याच्या आदल्या-पाठल्या दिवशी एक तर जोराचा पाऊस होता किंवा घरात पाण्याची बोलणी.

२०१९ च्या महापुरात पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा ह्यांचं दुकान बुडालं. लेक त्या वेळी वर्षाचा. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं. तो तीन वर्षांचा होता. रात्री झोपेतून उचलून आम्ही त्याला विश्रामबागला नणंदेकडं नेलं. त्याची तीनचाकी खालीच राहिली आणि नंतर चिखलानं भरलेली मिळाली. लहान आहे, विसरून जाईल, असं आम्ही धरून चाललो. तो विसरला नव्हता, त्याच्याकडं सांगायला शब्द नव्हते. भीती होती, आणि ती दातांतून बाहेर पडत होती.

त्या रात्री ह्यांनी त्याला मांडीवर घेतलं. बारा वर्षांच्या संसारात मी हे पहिल्यांदा ऐकलं. "मला पण धास्ती वाटती रे. दुकानात पाणी शिरलं तेव्हा मी रडलो होतो." लेकानं त्यांच्या गळ्याला हात लावला. "पप्पा, तुमचं पण हितं अडकलं होतं?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून स्वयंपाकघराच्या चौकटीवर खडूनं फुटांच्या खुणा केल्या. दहा, वीस, तीस, चाळीस, पंचेचाळीस. ह्यांनी त्याला समजावलं की कोयनेचं धरण पार भरेपर्यंत थांबत नाहीत, आधीच दरवाजे थोडे उचलून विसर्ग करतात. तसं तुझं चाळीस झालं की तू येऊन सांगायचं, मग आपण मिळून विसर्ग करायचा. विसर्ग म्हणजे काय, ते आम्ही घरात शोधत गेलो. भाकरीचं पीठ दोन्ही हातांनी मळणं. पप्पांबरोबर जिना चढून गच्चीवर जाऊन येणं. आजीच्या पदराखाली बसणं. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फुंकरीचा. हाताच्या ओंजळीत गरम दुधाची वाटी आहे असं समजायचं आणि साय न फाटता हळूहळू फुंकायचं. श्वास लांबवर सोडला की छातीतली धडधड उतरते, हे मी त्याच्या पाठीवर हात ठेवून अनुभवलंय. नियम एकच ठेवला. राग आला तरी चालेल, मारलेलं चालणार नाही.

पंचेचाळीसच्या वर गेला की मात्र मी बोलणंच बंद केलं. तेव्हा काही आत शिरत नाही. विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पुरता पिकतो, मग पाच वर्षांच्या मुलाकडून त्या क्षणी शहाणपण मागून कसं चालेल? मी नुसती शेजारी बसते, तो आपटू नये एवढं बघते. समजावणं दुसऱ्या दिवशी, पोट भरल्यावर.

एका आठवड्यात काही जमलं नाही. मध्ये तर त्यानं "माझं पंचेचाळीस झालंय, चॉकलेट दे" असा सूर लावला. मी म्हणायचे, "झालं असेल तर चल, पीठ मळू." चार-पाच दिवसांत ते थांबलं. बालवाडीच्या बाई फार समजूतदार निघाल्या. त्यानं चार बोटं वर केली की त्या त्याला पाण्याच्या माठापर्यंत जाऊन येऊ देतात. दिवाळीनंतर एकदा चावला, त्यानंतर नाही.

मधल्या काळात एकदा माझा हात सुटला. गॅसवर दूध उतू गेलेलं, त्यात त्याचा हट्ट, आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही. चौकटीकडं बघत म्हणाला, "आई, तुझं किती झालंय?" मी खाली बसले. "अठ्ठेचाळीस." "मग चाळीसला का नाही सांगितलंस?" मी त्याला पोटाशी धरून माफी मागितली. तेव्हापासून माझा आकडाही मी मोठ्यानं सांगते. सासूबाईसुद्धा गुडघे दुखले की "आज पस्तीस हाय" म्हणतात.

यंदा पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री तो खिडकीत उभा होता. ह्यांना विचारलं, "आयर्विनला किती?"

"अठरा."

"माझं अडतीस झालंय. पोटात गोळा आलाय." थोडा वेळ थांबून म्हणाला, "सायकल खाली आहे."

रात्रीचे साडेदहा वाजले होते. ह्यांनी सायकल उचलली, मी टॉर्च धरला, आणि आम्ही तिघांनी ती गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवली. दार त्यानं स्वतः लावलं, कडी दोनदा ओढून बघितली आणि खाली येऊन झोपला.