गावठाण पाहायचं तर नॉइबर्गथालला जा

कॅनडातल्या विनिपेगमध्ये आलेल्या पाहुण्यांना आपण स्टाइनबॅकचं मेनोनाइट हेरिटेज व्हिलेज हे संग्रहालय दाखवून आणतो आणि विषय संपवतो. आम्हीही आईला घेऊन आधी तिथेच गेलो. शहरापासून साधारण तासाभराचा रस्ता. पवनचक्की देखणी आहे, पण ती मूळची नव्हे: 1972 साली बांधलेली प्रतिकृती 2000 मध्ये जळाली, पुढच्या वर्षी पुन्हा उभी केली. मला जास्त आवडली ती अर्धी जमिनीत खोदलेली, गवताच्या ढेकळांनी शाकारलेली खोपट. पहिले हिवाळे लोकांनी असल्या खोपटांत काढले.

मेनोनाइट हा एक ख्रिस्ती पंथ. हे लोक जर्मन बोली बोलणारे, पण आले रशियन साम्राज्यातून, आजच्या युक्रेनमधून. शस्त्र हाती धरायचं नाही हा त्यांचा धर्म. रशियात सक्तीची लष्करभरती येऊ घातली, तेव्हा 1873 मध्ये त्यांचे प्रतिनिधी कॅनडा बघून गेले. सरकारने लष्करी सेवेतून सूट आणि स्वतःच्या शाळा असं लेखी आश्वासन दिलं. 1874 पासून सहा-सात वर्षांत सुमारे 7,000 जण इथे मॅनिटोबा प्रांतात उतरले. ही जमीन काही रिकामी पडलेली नव्हती. 1871 च्या पहिल्या तहाने ती अनिशिनाबे आणि क्री लोकांकडून सरकारकडे आली होती. संग्रहालयात फिरताना हे डोक्यात असू द्या.

घरातली विटांची मोठी भट्टी बघताना कळलं की झाडं नसलेल्या माळावर सरपण म्हणून पेंढा आणि वाळवलेल्या शेणाच्या विटा जाळत. आई म्हणाली, "म्हणजे गोवऱ्याच की गं! त्यात काय एवढं?"

तिथून रेड नदी ओलांडून पश्चिमेला दीडेक तासावर, आल्टोना गावाजवळ, नॉइबर्गथाल हे मेनोनाइटांचं जुनं गाव आहे. खरी सहल इथे सुरू झाली. कॅनडाचा कायदा असा, की 160 एकर घ्या आणि त्याच तुकड्यावर घर बांधून राहा. म्हणजे शेजारी अर्ध्या मैलावर. मेनोनाइटांना ते मानवेना. त्यांनी आपापले तुकडे कागदोपत्री नावावर केले, पण राहिले गावठाणात, एकाच रस्त्याच्या दुतर्फा. शिवार सगळ्यांचं एकत्र धरून त्याच्या पट्ट्या वाटून घेतल्या, म्हणजे चांगली-वाईट जमीन प्रत्येकाच्या वाट्याला आली. गुरं राखायला गावाचा एक गुराखी. सरकारनेही 1876 मध्ये कायद्यात त्यासाठी सवड केली. मेख एवढीच होती, की जमिनीची मालकी कायद्याने एकेकट्याच्या नावावर. एकाने आपला तुकडा वेगळा मागितला की अख्ख्या गावाची वाटणी उसवायची, आणि बहुतेक गावं तशीच मोडली. पुढे शाळा इंग्रजी झाल्यावर 1920 च्या दशकात हजारो जण मेक्सिको आणि पॅराग्वेला निघून गेले.

नॉइबर्गथालचा आराखडा मात्र टिकला. लांबच लांब रस्ता, कडेला कॉटनवुडची उंच झाडं, काही घरांना पाठीमागे जोडलेला गोठा. हिवाळ्यात गुरांपर्यंत जायला बर्फात पाऊल टाकायला नको.

आता कामाचं. जून ते सप्टेंबर हाच काळ धरा, आणि वेळा फोन करून विचारा. रविवारी जाऊ नका, चर्चचा दिवस असतो, बरंच बंद. नॉइबर्गथालमधल्या घरांत लोक राहतात, तेव्हा रस्त्यावरूनच बघा. आत शिरता येतं ते माहिती केंद्र असलेल्या घर-गोठ्यात. पाऊस झाला असेल तर कच्च्या रस्त्यावर गाडी घालू नका. इथली काळी चिकणमाती चाकाला अशी धरते की विदर्भातली काळी जमीन आठवावी. आमची गाडी रुतली, ट्रॅक्टरवाल्या एका शेतकऱ्याने ओढून काढली आणि पैसे घेतले नाहीत.

शाकाहाऱ्यांनी संग्रहालयातल्या उपाहारगृहात वारेनिकी मागवावी. आत पनीरसारखं चीज, वर साईचा रस्सा, करंजीची उकडलेली बहीण म्हणा. सॉसेज नको असं आधीच सांगा. डासांचं मलम घ्या, आणि पेट्रोल आल्टोनातच भरून घ्या.