वेरेथच्या कुरणातले अकरा तोफची

बेल्जियमच्या पूर्व टोकाला, सांक्ट फिथच्या उत्तरेकडे वेरेथ नावाची मोजक्या घरांची वाडी आहे. इथले लोक जर्मन बोलतात. अरुंद रस्त्याने, दोन्ही बाजूंची कुरणं पाहत आम्ही गाडीने तिथे पोचलो ते दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी 333व्या फील्ड आर्टिलरी (तोफखाना) बटालियनच्या अकरा जवानांसाठी.

अमेरिकी सैन्यात तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. या बटालियनचे जवान कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्याकडे होत्या 155 मिमीच्या हॉवित्झर तोफा. एकेक गोळा सुमारे 43 किलोचा, पल्ला 14 किलोमीटरच्या वर. 1944च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीत उतरून, ब्रेस्ट या फ्रेंच बंदराच्या वेढ्यात लढून ते जर्मन सरहद्दीलगत शोनबेर्गला आले. 16 डिसेंबरला जर्मनांनी अचानक मोठा हल्ला चढवला आणि दुसऱ्या दिवशी बटालियनची फळी कोसळली. अकरा जण बर्फातून पायी निसटले. त्यांच्याकडे बंदुका दोनच.

वेरेथच्या लांगर कुटुंबाने त्यांना घरात घेतलं, खाऊ घातलं. पकडले गेले असते तर त्या घराचं काय झालं असतं, हे लांगर दांपत्याला पक्कं ठाऊक होतं! पण कुणीतरी खबर दिली. एसएसचे, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचे, सैनिक आले, त्यांनी अकराही जणांना कुरणात नेलं आणि हाल करून मारलं. प्रेतं सापडली ती फेब्रुवारी 1945मध्ये, बर्फ वितळल्यावर.

त्याच 17 डिसेंबरला मालमेडीजवळ 84 अमेरिकी युद्धकैद्यांची हत्या झाली. त्याचा खटला 1946मध्ये डाखाऊला चालला, जगभर गाजला. वेरेथची फाइल मात्र 1947मध्ये बंद झाली. कुणावरही खटला भरला गेला नाही. हा अन्याय मला फार टोचतो. आठवण जपली ती सैन्याने नव्हे, लांगरांच्या मुलाने. हेर्मान तेव्हा बारा वर्षांचा होता. 1994मध्ये त्याने इथे साधा दगडी क्रूस उभारला. मोठं स्मारक 2004चं. अकराही नावं मी मोठ्याने वाचली.

त्यांतले सात जण आन्री-शापेलच्या अमेरिकी दफनभूमीत आहेत. तिथे वर्णाप्रमाणे वेगळ्या रांगा नाहीत.

त्याच हल्ल्यात जर्मनांनी वेढलेलं बेल्जियमचं बास्टोन शहर पाहायला पुष्कळ पर्यटक जातात. 333व्या बटालियनचे वाचलेले तोफची तिथे 969व्या बटालियनला जाऊन मिळाले आणि वेढा पडलेल्या त्या शहरासाठी पुन्हा तोफा डागत राहिले. 969व्या बटालियनला त्यासाठी 1945मध्ये डिस्टिंग्विश्ड युनिट सायटेशन हा अख्ख्या तुकडीला दिला जाणारा लष्करी सन्मान मिळाला. बास्टोनला जाणार असाल तर वेरेथसाठी अर्धा दिवस काढाच.