पन्नास हर्ट्झचा मारिओ : बंद पडलेला व्हिडिओ गेम पुन्हा चालू करतानाचा माझा अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात १९९० च्या दशकात ज्यांच्या घरी व्हिडिओ गेम होता, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी तो निन्तेंदोचा नव्हता. निन्तेंदो कंपनीने जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र आणले. त्याच्या कॅसेटला साठ पिना होत्या आणि परकी कॅसेट ओळखून अडवणारी कुलूप-चिप त्यात नव्हती. अमेरिकेसाठी १९८५ मध्ये काढलेल्या यंत्राला बहात्तर पिना आल्या आणि त्याबरोबर ती कुलूप-चिपही आली. साहजिकच नक्कल करणाऱ्यांनी बिनकुलपाचे जपानी घर निवडले, आणि तैवानी चिपांवर चालणारी ती साठ पिनांची यंत्रे निरनिराळ्या नावांनी आपल्या बाजारात पोचली. त्याच काळात शॉ वॉलेस ही कंपनी सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीचे ‘मेगा ड्राइव्ह’ हे यंत्र भारतात अधिकृतपणे विकत होती, परंतु आमच्या ओळखीपाळखीत ते घेण्याची ऐपत असलेले घर विरळाच.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, जुन्या व्हिडिओ गेमचा संग्रह करणाऱ्यांमध्ये ‘अस्सल तेच ठेवावे, नक्कल फेकून द्यावी’ असे मानणारा एक वर्ग आहे. सीमाभागातल्या माणसाने हा नियम पाळायचा ठरवले, तर त्याच्या कपाटात स्वतःच्या बालपणातली एकही वस्तू उरणार नाही. म्हणून मी नक्कलच जमवतो, आणि ती जशी होती तशी चालावी एवढा माझा आग्रह असतो. हा आग्रह निभावताना काय काय करावे लागते, ते खानापूरला मामांच्या माळ्यावर सापडलेल्या एका यंत्राच्या निमित्ताने लिहितो आहे.

यंत्राचे पांढरे प्लास्टिक जुन्या पोथीच्या पानासारखे पिवळे पडले होते, एका रिमोटची वायर उंदरांनी कुरतडली होती आणि अडॅप्टरचा पत्ताच नव्हता. अशा वेळी घरात सापडेल तो नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावून बघण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा. मूळ फॅमिकॉमच्या अडॅप्टरमध्ये पिनेचा मधला भाग ऋण असतो. नकलांमध्ये मात्र काही ऋण, काही धन, असा सगळा कारभार आहे. झाकणावर छापलेल्या चित्रावरही मी विश्वास ठेवत नाही. चार स्क्रू काढून आत पाहिले की, सॉकेटचा कोणता पाय बोर्डावरच्या रुंद तांब्याच्या पट्टीला, म्हणजे ग्राउंडला, जोडला आहे हे मल्टिमीटरने लगेच कळते. माझ्या यंत्रात मधला पाय ग्राउंडला होता, म्हणजे मधला भाग ऋण असलेलाच अडॅप्टर हवा होता.

पुढचे काम बेळगावात खडे बाजाराजवळच्या एका गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे सोपवले. ते घरात कन्नड बोलतात आणि गिऱ्हाइकांशी बेळगावी मराठी. यंत्र पाहताच ते म्हणाले, “काय ओ सर, ह्याच्यापेक्षा पोराला नवीन काहीतरी घेऊन द्या की.” परंतु बोर्ड उलटा करून पाहिल्यावर त्यांचा रस वाढला. नऊ व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा ७८०५ हा रेग्युलेटर शाबूत होता. त्याच्याआधीचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मात्र वरून फुगला होता. तो बदलल्यावर पाच व्होल्ट स्थिर मिळू लागले. बोर्डावरच्या दोन मोठ्या चिपांवर ‘यूए ६५२७ पी’ आणि ‘यूए ६५३८’ असे क्रमांक होते. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या या चिपा आहेत. पहिली गणित आणि आवाज सांभाळते, दुसरी चित्र. हे क्रमांक मी वहीत उतरवून घेतले. पुढे झालेल्या वादात हेच क्रमांक कामी आले.

टीव्हीचा प्रश्न अधिक किचकट निघाला. हे यंत्र अँटेनाच्या वायरीतून सिग्नल पाठवते, तेव्हा टीव्हीवर चॅनेल शोधावे लागते. घरातल्या सपाट टीव्हीने तो सिग्नल ओळखलाच नाही. यंत्राच्या आतून चित्राची वायर थेट बाहेर काढणे, म्हणजेच एका ट्रान्झिस्टरचे लहानसे सर्किट जोडून एव्ही जॅक बसवणे, हा सर्रास वापरला जाणारा उपाय आहे. मात्र त्यातही एक अडचण असते. या यंत्राचे चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचे असते आणि पडद्यावरच्या ओळी ते एक सोडून एक अशा न काढता दर वेळी त्याच ओळींवर काढते. अनेक नवे टीव्ही त्याला एकाआड एक ओळींचे चित्र समजतात आणि दोन चित्रे एकमेकांत मिसळतात. मार लागल्यावर खेळातला गडी लुकलुकतो, तो अशा टीव्हीवर कधी अर्धवट दिसतो, तर कधी दिसतच नाही.

म्हणून उद्यमबागेकडच्या एका भंगाराच्या दुकानातून मी एकवीस इंची, जाड पाठीचा टीव्ही आणला. दुकानदाराने तो वजनावर दिला. त्याचे झाकण मी स्वतः उघडले नाही. पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि टीव्ही बंद केल्यावरही ते काही काळ टिकून राहतात. ते काम काकांचेच. त्यांनी व्हीएचएफच्या पट्ट्यात हळूहळू शोध घेतला, तेव्हा आधी पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या, मग खेळांची कृष्णधवल यादी उमटली. “पिक्चर येतंय बघा, खरं कलर येईना झालंय,” असे म्हणत त्यांनी फाइन ट्यूनिंगचे बटण केसभर सरकवले आणि ‘९९९९ इन वन’ अशी रंगीत पाटी झळकली. एव्ही जॅक मी बसवला नाही. निपाणीच्या माझ्या प्राध्यापक मित्रांच्या मते हा निव्वळ हट्ट आहे, कारण असे टीव्ही फार दिवस मिळणार नाहीत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण टीव्ही मिळतो आहे तोवर यंत्राला भोक पाडायला माझे मन घेत नाही.

कॅसेटींचे काम त्या मानाने सोपे असते. लहानपणी आपण सगळेच त्यात फुंकर मारत असू, आणि कॅसेट चालू झाली की श्रेय फुंकरीला देत असू. खरे तर कॅसेट काढून पुन्हा घातली की पिना घासल्या जातात, त्यामुळे ती चालते. फुंकरीतली वाफ उलट तांब्याला गंज चढवते. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालायचे कापसाचे बोळे आणि थोडा धीर, एवढे पुरते. माझ्या कॅसेटी उघडल्या तर आत चिपांऐवजी काळ्या लाखेसारखा एकेक गोळा दिसतो. ९९९९ खेळ म्हणावेत, तर त्यात मोजकेच खेळ असून तेच ते वेगवेगळ्या पायरीपासून, वेगवेगळ्या नावांनी पुनःपुन्हा लावलेले असतात. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ चा अख्खा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावतो हे ध्यानात घेतले, तर इतकी लबाडी करण्याची गरज नव्हती असेच वाटते.

रिमोट दुरुस्त करताना एक गोष्ट जाणून घेतलेली बरी. आठ बटणांसाठी आठ वायरी नसतात. पाच वायरींपैकी एकाच वायरीतून आठही बटणांची खबर एकामागून एक यंत्राकडे जाते. म्हणून एकच बटण चालत नसेल तर त्याखालच्या रबराचा काळा थर झिजलेला असतो आणि सगळीच बटणे गप्प असतील तर वायर तुटलेली असते. उंदरांनी कुरतडलेली वायर बदलली. दुसऱ्या रिमोटचे उजवे बटण रबर बदलून सुधारले. तपासणीसाठी मी ‘कॉन्ट्रा’ हा खेळ वापरतो. पाटी आल्यावर वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए आणि मग स्टार्ट असे दाबले की तीन ऐवजी तीस जीव मिळतात. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रॅडियस’ हा खेळ १९८६ मध्ये घरगुती यंत्रासाठी तयार करताना, तो तपासणे सोपे जावे म्हणून हा क्रम घातला होता. त्यात सिलेक्टखेरीज सातही बटणे येतात. तीस जीव मिळाले की रिमोट उत्तीर्ण!

यंत्र चालू झाल्यावर वादाला तोंड फुटले. पुण्यात असणाऱ्या माझ्या मामेभावाकडे जपानहून आणलेला अस्सल फॅमिकॉम आहे. गणपतीला तो गावी आला असता मारिओची धून ऐकून म्हणाला, “तुझं मशीन दमलंय रे, दादा. गाणं रडतंय.” प्राध्यापक मित्र तिथेच होते. त्यांच्या मते, आमच्या सर्वांच्या घरी धून अशीच वाजत असे. मुद्दा मोजून निकाली काढता येण्याजोगा होता, कारण मारिओच्या पडद्यावरचा वेळ हा खऱ्या सेकंदांत मोजलेला नसतो. चोवीस चित्रे दाखवून झाली की तो आकडा एकाने उतरतो. जपानी यंत्र सेकंदाला साठ चित्रे दाखवते आणि आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी बनवलेले यंत्र पन्नास, म्हणजेच पन्नास हर्ट्झ. पहिल्या पायरीच्या आरंभी मारिओला नुसते उभे ठेवावे; तिथे एकही शत्रू त्याच्या अंगावर येत नाही. चारशेचा आकडा शून्यावर यायला साठच्या गतीने दोन मिनिटे चाळीस सेकंद लागायला हवेत, तर पन्नासच्या गतीने तीन मिनिटे बारा सेकंद. मामेभावाने फोनवर स्टॉपवॉच लावले आणि आम्ही तिघे जण काहीही न करणाऱ्या मारिओकडे टक लावून बसलो. मामी चहा घेऊन आल्या आणि एवढे काय बघताय म्हणून त्याही थांबल्या. घड्याळ तीन मिनिटे बाराच्या आसपास थांबले.

यंत्र दमलेले नव्हते, ते मुळातच पाच-षष्ठांश गतीचे होते. परंतु मामेभावाचा दुसरा आक्षेप, म्हणजे गाण्याचा सूरही उतरलेला आहे हा, टिकला नाही. सूर ठरतो तो चिपच्या घड्याळावरून, म्हणजे ती ज्या गतीने चालते त्यावरून. युरोपसाठी निन्तेंदोने स्वतः बनवलेल्या यंत्रात ते घड्याळ १.६६ मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणले होते, त्यामुळे तिथे सूरही उतरला. यूएमसीच्या ‘६५२७ पी’ मध्ये ते १.७७ मेगाहर्ट्झवर ठेवले आहे आणि जपानी यंत्रात ते १.७९ आहे, हा फरक कानाला जाणवण्याजोगा नाही. थोडक्यात, आमच्याकडे लय विलंबित, पण पट्टी जवळजवळ मूळचीच. या एका बाबतीत तरी नक्कल करणाऱ्यांचे काम मूळ कंपनीच्या युरोपीय यंत्रापेक्षा सरस उतरले, असे माझे मत आहे.

यावर प्राध्यापकांनी एक बोचरा निष्कर्ष काढला : संथ गतीच्या यंत्रावर उडी मारायला प्रत्यक्षात जास्त अवधी मिळतो, तेव्हा लहानपणीचे आमचे सगळे पराक्रम एक-षष्ठांशाने कमी धरले पाहिजेत. मामेभावाने लगेच मान डोलावली. मला हे पटत नाही, कारण झिजलेले रबर आणि फक्त सुट्टीपुरता हाती येणारा रिमोट यांची वजाबाकी कुणी केलेली नाही.

‘कॉन्ट्रा’वरचा वाद मात्र माझ्यावर उलटला. आमच्याकडच्या कॅसेटी जपानी साच्याच्या आहेत म्हणजे त्यांतले खेळही जपानी आवृत्तीचेच असणार, असे मी धरून चाललो होतो. जपानी ‘कॉन्ट्रा’मध्ये कोनामीने एक जादा चिप घातली होती. तिच्यामुळे पहिल्या पायरीवर जंगलातली पाने वाऱ्याने हलतात आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये नकाशा दिसतो; अमेरिकेतल्या आवृत्तीतून हे दोन्ही गाळले गेले. मामेभावाने आपली कॅसेट माझ्या यंत्रात घातली, तेव्हा पाने डुलली. माझी घातली, तेव्हा एकही पान हलले नाही. म्हणजे साचा जपानी, पिना साठ आणि आतला खेळ मात्र अमेरिकेचा, अशी ती कॅसेट आहे. अस्सलवाद्यांना यात भेसळ दिसेल. मला त्यात एक खेळ कोणकोणत्या वाटेने फिरत खानापूरच्या माळ्यापर्यंत पोचला याचा माग दिसतो, आणि अस्सल कॅसेटीपेक्षा तो मला अधिक मोलाचा वाटतो.

आता राहिली आहे यंत्राबरोबरची खेळातली बंदूक. बदकांच्या खेळात चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तो चौकोन त्याच क्षणी दिसला की नाही ते पाहतो. सपाट टीव्हीवर चित्र उशिरा उमटत असल्यामुळे नेम कितीही अचूक असला तरी बदक पडत नाही. जाड पाठीचा टीव्ही ठेवण्याचे माझे हे आणखी एक कारण प्राध्यापकांनीही मान्य केले आहे. माझ्या बंदुकीचा चाप वाजतो, पण पडद्यावर काहीच घडत नाही. दोष चापाच्या धातूच्या पट्टीत असावा असा काकांचा अंदाज आहे आणि तसली पट्टी उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यातून कापून घेता येईल, असे ते म्हणतात. मामेभाऊ दिवाळीला येणार आहे. येताना जपानी यंत्र आणि स्टॉपवॉच दोन्ही घेऊन येतो, असे त्याने बजावले आहे.